कोचिनच्या पायांतले चिखलाचे गोळे

प्रश्न : आमच्याकडे मोठ्या आकाराच्या पाच कोचिन (पायांवरही पिसं असणारी कोंबड्यांची जात) आहेत, एक कोंबडा आणि चार कोंबड्या. पावसाळी दिवसांत त्यांच्या बोटांवर चिखल आणि विष्ठेचे दगडासारखे गोळे धरतात. गेल्या आठवड्यात एकीच्या बोटावरचा गोळा ओढून काढताना त्याबरोबर नखही निघून आलं, बरंच रक्त गेलं. कोंबड्याच्या पायांवरची पिसं अर्ध्यातून तुटली आहेत. दुसऱ्या एका कोंबडीच्या पायाच्या नळीवरचे खवले उचकटल्यासारखे दिसतात. उबवायला ठेवलेल्या दहा अंड्यांपैकी नऊ रिकामी निघाली, ते वेगळंच. सहा आठवड्यांनी प्रदर्शन आहे. आठवड्यातून दोनदा साबण लावून पाय धुतो, तरी हीच गत. आणखी काय करायचं?

उत्तर : आठवड्यातून दोनदा पाय धुणं आधी बंद करा. त्याचं कारण पुढे येईलच, पण पहिल्यांदा नख गेलेल्या कोंबडीकडे बघू.

कोंबडीचं नख म्हणजे बोटाच्या शेवटच्या हाडावर बसलेली शिंगासारख्या कठीण पदार्थाची टोपी. आत रक्तवाहिनी असते. गोळा वाळला की तो या टोपीला सगळीकडून आवळून धरतो, म्हणून ओढला की टोपीच सुटते. मूळ शाबूत असेल तर काही महिन्यांत नवं नख येतं, थोडं वाकडं येईल एवढंच. रक्त आता थांबलेलं असणार, पण दोन धोके उरतात : जखम चिघळणं आणि बाकीच्यांनी तिथे चोच मारणं. तांबडा ठिपका दिसला की कोंबड्या सोडत नाहीत. तिला चार-पाच दिवस वेगळी ठेवा, खाली भुसा नको, जुना टॉवेल किंवा कागद अंथरा आणि तो रोज बदला. पोव्हिडोन आयोडिन पाण्यात फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून दिवसातून एकदा बोट त्यात बुडवा, मग टिपून कोरडं करा. बोट सुजलं, गरम लागलं किंवा ती त्या पायावर भार टाकेना तर पशुवैद्यांना दाखवा. पुढे कधी असं रक्त आलंच तर स्वच्छ फडक्याने पाच मिनिटं न उघडता दाबून धरायचं आणि मग वर कॉर्नफ्लॉवर दाबायचं. दर अर्ध्या मिनिटाने उघडून बघितलं की धरलेली गुठळी निघते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आता बाकीच्यांचे गोळे. हे घाईचं काम नाही. दोन्ही पायांना मिळून अर्धा तास तरी हाताशी ठेवा.

बादलीत कोंबडीच्या ढोपरापर्यंत येईल एवढंच कोमट पाणी घ्या, 38 ते 40 अंश सेल्सिअस, म्हणजे आपल्या कोपराला जेमतेम ऊन लागेल असं. त्यात साबण नको. एका हाताने छातीखाली आधार देऊन तिला 15 ते 20 मिनिटं उभी करा. पाणी निवलं की थोडं गरम पाणी घाला, पण कोंबडी बाहेर काढून. गोळा भिजतो तो बाहेरून आत, थराथराने, कारण तो तयारही तसाच झालेला असतो. त्यामुळे मऊ झालेला थर बोटांच्या चिमटीत चुरून काढायचा, पुन्हा भिजवायचं, पुन्हा चुरायचं. अगदी दगड झाला असेल तर पक्कडीने गोळ्याची फक्त बाहेरची कड हलकेच चेपून तडा पाडता येतो. पण आत बोट नेमकं कुठे आहे हे चाचपून कळत नसेल तर पक्कड हातात घेऊच नका. पिसं गोळ्यात अडकलेली असतात, ती मुळाकडून टोकाकडे सरळ करत सोडवा. एका बैठकीत निघाला नाही तर पाय कोरडे करून दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोरडे म्हणजे बोटांच्या बेचकीत टॉवेलचं टोक घालून टिपलेले आणि ड्रायरच्या मंद हवेने पिसांच्या मुळाशी सुकलेले.

इथेच तुमच्या साबणाची गोष्ट येते. ओलं पीस भुशात गेलं की पहिल्या पाच मिनिटांत भुशाची पूड आणि विष्ठा त्याला चिकटते आणि नव्या गोळ्याचा गाभा तयार होतो. शिवाय साबणाने पिसांवरचा तेलाचा पातळ थर जातो. हा थर असलेलं पीस पाणी झटकतं, गेला की तेच पीस पाणी शोषतं. आठवड्यात दोनदा धुऊन तुम्ही पायांना चिखल धरण्याची सवयच लावत आहात. कोचिनचं पीस नळीच्या बाहेरच्या बाजूने खाली येऊन बाहेरच्या आणि मधल्या बोटावर पसरतं. म्हणजे ती जिथे जाईल तिथली जमीन ती झाडूसारखी झाडत जाते. आणि झाडू धूत बसून अंगण कोरडं होत नसतं.

तेव्हा खुराड्याची जमीन बघा. अंथरणाचा थर 10 ते 15 सेंटीमीटर हवा. लाकडाच्या रंध्याच्या कुरळ्या ढलप्या सगळ्यात चांगल्या. भाताचं तूसही चालतं, पण ते पूर्ण कोरडं हवं. करवतीचा बारीक भुसा टाळा, तो ओल्या पिसाला पिठासारखा चिकटतो. लांब पेंढा तर नकोच, त्याची काडी बोटाभोवती गुंडाळली जाते आणि गोळ्याला सळईसारखी बळकटी देते. अंथरण ठीक आहे का हे बघायला मूठभर उचलून घट्ट दाबा. मूठ उघडल्यावर ते सुटं झालं तर ठीक, लाडू राहिला तर ओल जास्त आहे. नुसतं उलटवून भागणार नाही, तेवढा भाग काढून नवीन घाला. अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबेपर्यंत थांबायचं नाही. खाली वाकून, कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर नाक नेऊन वास घ्या. आपल्याला उभ्याने येत नाही तो वास तिला तिथे दिवसभर येत असतो.

ओल येते मुख्यतः तीन ठिकाणांहून. एक पाण्याचं भांडं. ते कोंबडीच्या पाठीच्या उंचीवर टांगा आणि त्याच्याखाली साधारण 60 बाय 60 सेंटीमीटरची जाळी किंवा लाकडी पट्ट्यांची चौकट ठेवा, म्हणजे सांडलेलं पाणी खाली जाईल आणि पाय वर राहतील. निपल (चोचीने टोचलं की थेंब सोडणारी तोटी) असेल तर आणखी बरं. दुसरं दार. बाहेरून आत येण्याची वाट एकच असते, ती तुडवून तुडवून चिखल होते. दाराबाहेर निदान एक मीटरपर्यंत माती उकरून 8 ते 10 सेंटीमीटर बारीक खडी आणि वर जाड वाळू भरा. तिसरं, रात्री बसायची जागा. कोंबडीची बरीचशी विष्ठा रात्री एकाच जागी पडते आणि सकाळी खाली उतरताना ती त्यातच उतरते. दांडीखाली फळी लावून रोज सकाळी खरवडली तर अर्धं काम तिथेच होतं.

दांडीची उंची 30 सेंटीमीटरच्या आसपास ठेवा, 45 च्या वर नको. मोठ्या कोचिनचा कोंबडा पूर्ण वाढीला 5 किलोचा आणि कोंबडी 3.9 किलोची धरतात. एवढं वजन रोज उंचावरून आदळलं की तळव्याला बारीक इजा होते, त्यातून जंतू शिरून काळी खपली आणि आत गाठ होते. पिसांच्या पायात ही गाठ लंगडायला लागेपर्यंत दिसत नाही. दांडी गोल काठीची नको, 8 ते 10 सेंटीमीटर रुंद, कडा घासलेली चपटी पट्टी हवी. जागा आत प्रत्येकी निदान अर्धा चौरस मीटर. कोचिन उडत नाहीत, धावायलाही कंटाळतात, त्यामुळे कमी जागेत त्या निमूट राहतात. पण निमूट राहिल्या म्हणून जागा पुरते असं नाही, कमी जागेत ओल लवकर साचते.

अशी जमीन केल्यावर पाय धुण्याची वेळ महिन्यातून एखाद्या वेळीच येईल. मुसळधार पावसाच्या दिवशी त्यांना सरळ आत ठेवा.

कोंबड्याच्या तुटलेल्या पिसांबद्दल मात्र निराश करावं लागणार. पिसाची दांडी त्वचेत असेपर्यंत तुटलेलं पीस वाढत नाही, ते पुढच्या पीसझडीतच बदलतं. मुळापासून उपटलं तर त्या जागी नवीन यायला सहा ते आठ आठवडे लागतात. तुमच्याकडे सहाच आहेत. आज उपटलेलं पीस प्रदर्शनाच्या दिवशी अर्धवट वाढलेलं, निळसर नळीतलं असेल, आणि या नळीत रक्त असतं. ती मोडली तर भळाभळा रक्त येतं, बाकीच्या टोचतात ते आणखी. शिवाय पायांवरची पिसं उपटणं पक्ष्याला चांगलंच दुखतं. एखाददुसरं अगदी मध्येच तुटून लटकणारं असेल तर कात्रीने टोक सरळ करा आणि या वेळी कोंबडा घरी ठेवा किंवा आहे तसा न्या. पुढच्या वेळेसाठी लक्षात असू द्या : दाखवायचे पक्षी किमान दोन महिने आधी वेगळ्या, कोरड्या ढलप्यांच्या खणात घालायचे, पाय उकरायला बाहेर सोडायचेच नाहीत. दुसरी एक गोष्ट काही जण करतात. ढोपरातून मागे ताठ निघणारी पिसं कोचिनमध्ये दोष धरतात, ती आदल्या दिवशी उपटून लपवली जातात. परीक्षकाच्या बोटाला ती जागा लागते. आणि लागली नाही तरी तोच दोष पुढच्या पिलांत उतरायचा तो उतरतोच.

खवल्यांचं दुखणं वेगळं. उचकटलेले खवले आणि त्यांच्याखाली पांढरट पिठूळ पोपडे असतील तर तो पायाचा माइट. डोळ्यांना न दिसणारा हा किडा खवल्याखाली बीळ करून तिथेच वाढतो. पिसांच्या पायात तो सुखात राहतो, कारण आपण वरून बघतो तेव्हा पिसंच दिसतात. म्हणून तपासताना पिसं वर सारून नळीच्या पुढच्या बाजूने अंगठा वरून खाली फिरवा. निरोगी नळी गुळगुळीत लागते. एकीला असेल तर पाचांनाही असू शकतो, म्हणून सगळ्यांचे पाय असे तपासायचे.

उपाय असा : पाय कोमट साबणपाण्यात दहा मिनिटं (इथे साबण चालेल), मऊ टूथब्रशने वरून खाली हलकेच घासून सुटे पोपडे काढायचे, पूर्ण सुकवायचं आणि नळीभर व्हॅसलिन किंवा खाद्यतेल खवल्यांच्या फटींत जिरेल असं चोळायचं. त्याने किड्याचा श्वास कोंडतो. आठवड्यातून दोनदा, चार ते सहा आठवडे. मध्ये सोडलं तर उरलेल्या किड्यांतून पुन्हा सगळं उभं राहतं. खवले नखाने उकलू नका, खालची त्वचा रक्ताळते. रॉकेल किंवा डिझेल लावायचा जुना उपाय ऐकिवात असेल, तो करू नका. त्वचा भाजते, आणि पिसांच्या मुळाशी तर वाईटच. त्रास जास्त असेल तर पशुवैद्य आयव्हरमेक्टिन हे औषध देतात. मात्रा आणि किती दिवस अंडी खायची नाहीत हे त्यांनाच विचारा. व्हॅसलिन लावलेल्या पिसांना भुसा चिकटणार हे उघड आहे. तेव्हा पाय बरे की पिसं सुंदर, यातलं एकच या हंगामात मिळेल. ती कोंबडी प्रदर्शनाला नेऊच नये, माइट दुसऱ्यांच्या पक्ष्यांना लागतो. दांड्या घासून, फटींतून तेल फिरवा. बऱ्या झालेल्या नळीवरचे जुने वेडेवाकडे खवले लगेच सरळ होत नाहीत, बदलायला कित्येक महिने जातात. तपासताना पायात कडी घातली असेल तर तीही हलते का बघा. पिसांखाली रुतलेली कडी लक्षातच येत नाही.

आता रिकामी अंडी. कोचिन हे नाव ऐकून बरेच जण ती कोची बंदरातली समजतात. जात मूळ चीनची, नाव ‘कोचिन-चायना’ (आजचा दक्षिण व्हिएतनाम) या प्रदेशावरून चिकटलेलं. 1840 च्या दशकात हे पक्षी पश्चिमेत पोहोचले तेव्हा आजच्या मानाने उंच आणि कमी पिसांचे होते. आजचा हा मऊ पिसांचा ढिगारा शौकिनांनी निवडीतून पुढे वाढवला, आणि तुमच्या नऊ अंड्यांची अडचण बहुधा त्यातच आहे. शेपटीखालची लव एवढी दाट असते की जोडी लागताना दोघांची गुदद्वारं एकमेकांना टेकतच नाहीत.

म्हणून पैदाशीच्या आधी तिथली लव कापायची, नर आणि मादी दोघांचीही. एकाने पक्ष्याला मांडीवर, डोकं काखेकडे करून धरायचं, दुसऱ्याने बोथट टोकाच्या कात्रीने गुदद्वाराभोवती 3 ते 4 सेंटीमीटरच्या वर्तुळातली लव त्वचेपासून अर्धा सेंटीमीटर ठेवून कापायची. उपटायची नाही. तिथली त्वचा पातळ आणि सैल असते, पिसाबरोबर वर उचलली जाते आणि कात्रीत येते, म्हणून कापताना दुसऱ्या हाताने त्वचा मागे धरा. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला तेलग्रंथी आहे, तिकडे कात्री न्यायची नाही. कापतानाच पिसांच्या मुळाशी करड्या-पांढऱ्या कणांचे झुबके दिसले तर ती उवांची अंडी. पशुवैद्यांनी सांगितलेली पावडर लावून सात ते दहा दिवसांनी पुन्हा लावावी लागते, कारण पहिल्या हाताने अंडी मरत नाहीत.

आठवडाभर थांबा आणि मग एक ताजं अंडं बशीत फोडून बघा. बलकावरचा पांढरा ठिपका नीट गोल, कडेला वलय असलेला, सुमारे 4 मिलिमीटरचा असेल तर अंडं फळलेलं आहे. लहान, भरीव, वेड्यावाकड्या कडेचा असेल तर नाही. तीन-चार अंडी अशी बघितली की 21 दिवस उगाच जात नाहीत. तरीही रिकामीच निघाली तर कोंबड्याचं वजन बघा. छातीचं हाड बोटाला लागतच नसेल तर तो चढायला जड झालाय. कोचिन खायला पुढे आणि चालायला मागे, त्यामुळे चरबी लवकर धरते. मोठ्या पक्ष्याला रोज 120 ते 150 ग्रॅम खाद्य पुरतं, प्रथिनं 16 टक्क्यांच्या आसपास. पीसझडीच्या काळात ती 18 ते 20 पर्यंत न्या. मका आणि धान्याची खिरापत बंद.

आणि हे लक्षात घ्या की लव कापलेला पक्षी पुढच्या पीसझडीपर्यंत दाखवता येत नाही. तुमची कात्री प्रदर्शनानंतर.

उरल्या दोन धडधाकट कोंबड्या. त्यांची आंघोळ प्रदर्शनाच्या तीन दिवस आधी घाला, आदल्या दिवशी नाही. त्या तीन दिवसांत त्या चोचीने पिसं लावून घेतात आणि तेलाचा थर परत येतो. खुडूक, आजारी किंवा पिसं टाकणारी कोंबडी भिजवू नये.

पाय आधी वेगळ्या बादलीत टूथब्रशने स्वच्छ करा, म्हणजे टबात घाण उतरणार नाही. खवल्यांखालचा मळ लाकडी टूथपिकने काढता येतो. मग तीन टब, सगळे कोमट. पहिल्यात सौम्य बेबी शाम्पू. कोचिनची पिसं हवा धरून ठेवतात, कोंबडी तरंगते आणि त्वचा कोरडीच राहते. हाताने पिसं उचलून पाणी आत जाऊ द्या, पाच-सात मिनिटं, आणि चोळताना नेहमी पिसाच्या दिशेने. डोक्यावर पाणी नको. कोमट पाण्यात कोंबड्या डोळे मिटून मान टाकतात, बघायला गंमत वाटते, पण चोच पाण्यात जाते, म्हणून मानेखालचा हात काढायचा नाही. दुसऱ्या टबात साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा. तिसऱ्यात दहा लिटर पाण्याला 100 मिलिलिटर पांढरं व्हिनेगर. शाम्पूचा अंश राहिला तर पिसं चिकट आणि वेगळी वेगळी दिसतात, व्हिनेगर तो अंश काढतं. पांढऱ्या रंगाच्या असतील तर शेवटच्या पाण्यात निळीचा एक थेंब पुरे. दोन पडले की कोंबडी निळी.

टॉवेलमध्ये गुंडाळून दाबून पाणी काढा, घासू नका. ड्रायर मंद, 25 ते 30 सेंटीमीटर दूर. आधी पिसांच्या उलट दिशेने, म्हणजे आतली लव फुलते, शेवटी सरळ दिशेने. कोंबडी चोच उघडून धापा टाकायला लागली तर लगेच थांबा, तिला उकडतंय. वरून कोरडी दिसणारी कोचिन आतून तासन्‌तास ओली असते. मांडीजवळ आणि पोटाखाली फुंकर मारून लव दुभंगून बघा, त्वचा दिसते तिथपर्यंत सुकायला हवं. पांढऱ्या आणि बफ (पिवळसर-सोनेरी) रंगाच्या पक्ष्यांना उन्हात वाळवू नका, पांढरा पिवळट होतो आणि बफ विटतो. मग प्रदर्शनापर्यंत ताज्या ढलप्यांवर, दोघींना वेगवेगळ्या खणांत. निघायच्या सकाळी तुऱ्याला व्हॅसलिनचा हात लावा, अगदी पुसट. ओघळलं तर मानेची पिसं चिकटतात.

नख गेलेली कोंबडी तोवर बरी होऊन हिंडतही असेल, तरी तिला नेण्याचा मोह आवरा. प्रवासाच्या खोक्यात खपली घासून निघते. कळपात परत सोडताना संध्याकाळी, सगळ्या बसल्यावर, दांडीवर नेऊन ठेवा.